पट्टी पांढरी चार

सोलापुरात मे महिन्याच्या भर दुपारी, पारा 42 च्या पुढे सरकलेला असताना, नव्या पेठेतून गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून कुणी चाललेला दिसला, तर त्याला हुडहुडी भरलीय असं समजू नका. तो गवई आहे आणि संध्याकाळी त्याचा कार्यक्रम आहे. कार्यक्रम म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी एकसष्टी. दोन भाषणांच्या मध्ये एक पद गायचं. आधीचा वक्ता रंगात आला तर अर्धंच. पण मफलर सकाळपासून बांधलेला. समोर पन्नास माणसं बसणार आहेत की पाचशे, हे गळ्याला कुठं माहीत असतं?

आम्ही त्यांना बुवा म्हणतो. खरं नाव रेशन कार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकावर आहे; तिथं ते सुखात आहे. बुवा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. आयुष्यभर त्यांनी लोकांची बिलं तपासली, पण त्याविषयी बोलताना ‘मधल्या वेळात नोकरी केली’ एवढंच म्हणतात. मधला वेळ म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधला. तो कधी कधी आठ-आठ महिन्यांचा असे, म्हणून नोकरीही नीट पार पडली.

बुवा नाट्यपदं गातात. फक्त जुनी. त्यांचं जग 31 ऑक्टोबर 1880 रोजी सुरू झालं. त्या रात्री पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. आणि 1931 साली ‘आलम आरा’ बोलला, तेव्हा ते जग संपलं. मधल्या पन्नास वर्षांत जे गायलं गेलं ते गाणं. नंतरचं जे आहे ते ‘ऐकायला बरं’. कुणी ‘कट्यार काळजात घुसली’ची फर्माईश केली की बुवा हसतात. 1967 सालचं नाटक. शिवाय त्यातली झरीना गाजवणाऱ्या फैय्याज आपल्या सोलापूरच्याच. तरीही बुवांचं उत्तर ठरलेलं: “अभिषेकीबुवा मोठेच. प्रश्नच नाही. पण ते नवीन हो!”

दर 31 ऑक्टोबरला बुवा कचेरीत पेढे वाटत. “आज शाकुंतल झालं,” एवढंच सांगत आणि खोका पुढं करत. शिपायाचा वर्षानुवर्षं समज होता की ही बुवांची कुणीतरी भाची आहे. निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यानं गहिवरून विचारलं, “शकुंतलाताईंचं आता सगळं बरं हाय न्हवं?” बुवा म्हणाले, “बरं कुठलं? कुणी विचारत नाही तिला.”

मोठ्यांचं नाव निघालं की बुवांचा हात कानाला जातो, आणि त्यातही प्रतवारी आहे. नुसतं ‘चांगलं गायचे’ या वर्गातल्यांना मान तुकवणं. मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे यांना उजव्या कानाची पाळी. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांना दोन्ही कान. आणि 1901 सालीच गेलेले, ज्यांचा आवाज बुवांच्या आजोबांनीही ऐकला असण्याची शक्यता कमी, त्या भाऊराव कोल्हटकरांना दोन्ही कान आणि मिटलेले डोळे. म्हणून बुवांच्या स्कूटरवर मागं बसलेल्यानं सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत नाट्यसंगीताचा विषय काढू नये, असा आमच्या गल्लीत दंडक आहे.

इतर लोक रक्तदाब सांगतात तशी बुवा पट्टी सांगतात. “पांढरी चार.” नमस्कार-चमत्कार झाल्यावर दुसरं वाक्य हेच. बहुतेक पुरुष गवई काळी एक-काळी दोनला सा धरतात. जुने नटगवई ध्वनिक्षेपकाशिवाय, शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचायचं म्हणून उंच पट्टीत गायचे. तेव्हा पांढरी चार ही बुवांच्या दृष्टीनं पट्टी नव्हे, निष्ठा आहे. साऱ्या गावाचाही त्यांनी सूर लावून ठेवलाय. शेजारच्या कुकरची शिट्टी काळी पाच. घंटागाडीचं गाणं ‘पांढरी पाचला चढतं, पण बॅटरी उतरली की बेसूर’. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचा हॉर्न मात्र ‘दोन सुरांत आहे, नेमका षड्ज सांगता येत नाही’. गिरण्या चालू होत्या त्या काळी पहाटेच्या भोंग्यावर ते खर्ज लावायला उठत. गिरण्या बंद पडल्या तेव्हा सगळं सोलापूर कामगारांसाठी हळहळलं. बुवाही हळहळले, पण त्यांच्या दुःखात तेवढाच एक सूर जास्तीचा होता.

या पट्टीसाठी बुवांनी काय काय सोडलंय! दही सोडलं, गार पाणी सोडलं, लोणचं सोडलं. कार्यक्रमाच्या आधी चार दिवस शेंगाची चटणीही बंद. सोलापुरात राहून, ताटात कडक भाकरी असताना चटणीकडं न बघणं ही केवढी तपश्चर्या आहे, ते पुण्याच्या माणसाला समजायचं नाही. सदऱ्याच्या खिशात ज्येष्ठमध, खडीसाखर आणि दोन लवंगा. काकू म्हणतात, “गळ्यासाठी सगळं बंद. एक गाणंच तेवढं कधी बंद नाही.” हे म्हणताना त्या कोमट पाण्याचा तांब्या आणून ठेवतात.

घरात शिरलं की फ्रिज असायला हवा तिथं ऑर्गन आहे. पायानं भाता मारायचा, जुना, कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या सामानातून आलेला. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत ऑर्गन होता, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, हे सांगताना बुवांचा स्वर असा होतो की ती मंडळी आत्ताच चहा पिऊन उठलीत. ऑर्गनच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत. भाता उंदरांनी कुरतडलाय, त्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं आहेत. उन्हाळ्यात काकू त्यावर कुरडयांचं ताट ठेवतात. “वाद्यावर खाण्याचे पदार्थ?” असं बुवा कळवळून विचारतात. “मग तुमच्या वाद्याला म्हणावं, गॅलरी मोकळी कर,” असं उत्तर येतं. फ्रिज गॅलरीत आहे.

बुवांचा वेद म्हणजे तबकडी. वादात शेवटचा शब्द: “तबकडीवर आहे!” जुन्या लाखेच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. नाट्यगृहात वन्स मोअर घेत अर्धा तास रंगणारं पद त्या वेळात कोंबायचं, म्हणजे शेवटच्या तानेला धावपळ व्हायचीच. बुवा हे जाणतात, आणि तरी पद शेवटाला आलं की तीच धावपळ तितक्याच निष्ठेनं करतात. त्यांच्यासाठी कुणी सुई उचलायला उभं नाही, घड्याळ लावून कुणी साहेब बसलेला नाही. पण तबकडीवर आहे!

अशाच एका तबकडीनं बुवांच्या गायकीला वेगळं वळण दिलं. तरुणपणी जुन्या बाजारातून एक तबकडी त्यांनी पैदा केली. त्यावरचं पद उतरवून घेतलं, वर्षभर घोटलं. त्यात अंतऱ्याला एक ओळ येते, ती अर्ध्यावर तोडून पुन्हा घ्यायची, पुन्हा तोडायची, तिसऱ्यांदा घेतली की पुढं जायचं. अशी विलक्षण जागा! बुवा ती घेतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, त्यांच्याही आणि पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्याही. पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी तेच पद मोबाइलवर ऐकवलं, साफ केलेलं ध्वनिमुद्रण. त्यात ती ओळ एकदाच आली आणि सरळ पुढं गेली. बुवांची तबकडी काढून बघितली तर नेमक्या त्या जागी केसाएवढा चरा. सुई तिथं दोनदा अडखळायची.

खोलीत शांतता पसरली. तबलजी चाचांनी घसा खाकरला. बुवांनी तबकडी पुसली, वेष्टनात घातली आणि म्हणाले, “त्या मोबाइलवाल्यांनी काढून टाकली असणार ती जागा. हल्ली वेळ कुणाला आहे?”

बुवांची साथ हाही सोलापुरी मामला आहे. तबल्यावर विजापूर वेशीतले चाचा. हे मूळचे कव्वालीच्या पार्टीतले. गंधर्वांच्या तबकड्या ऐकून इकडं वळले, आणि आता कुणी लय चढवली तर बुवांच्या आधी तेच डोळे वटारतात. पेटीवर अप्पा, अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे. खर्चाची जबाबदारी पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्या अण्णांवर. त्यांची मातृभाषा तेलुगू. पदांतलं संस्कृतप्रचुर मराठी त्यांना कितपत लागतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ‘सौभद्र’ म्हटलं की आधी खिशात हात घालतात. अस्सल जुनं मराठी नाट्यसंगीत गाणाऱ्या या मंडळींच्या तालमीत चहा सांगताना चार भाषा लागतात.

आणि अस्सलपणाचं म्हणाल, तर एकदा मोठीच गंमत झाली. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ दिलेली असते. म्हणजे हे पद अमुक दुसऱ्या गाण्यासारखं गा. त्या काळी ते दुसरं गाणं सगळ्यांना येत होतं, म्हणून लिहिणाऱ्यानं तेवढ्यावर भागवलं. आज ते कुणालाच येत नाही. मग बुवांसारखा माणूस चालीची चाल शोधत फिरतो. साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतं त्यांना तोंडपाठ. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वाड्यातलं कीर्तन, कुठल्या तरी लावणीचं धृपद, सगळीकडं कान देऊन झाला. एका पदाची चाल मात्र सापडेना. कित्येक वर्षं बुवा ते पद ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवून होते. एका संध्याकाळी ते अप्पांच्या घरी तालमीला गेले, तर आतल्या खोलीत अप्पांच्या आई नातवाला पाळण्यात हलवत कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या. बुवा दारातच थिजले. पुस्तकातलं पद त्यांनी त्या सुरावर म्हणून बघितलं. अक्षर न् अक्षर बसलं.

यात नवल काहीच नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. कानावर पडलेली चांगली चाल त्यांनी मराठीत आणली. पुढं भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’त ख्यालाच्या बंदिशी आणल्या, टेंब्यांनी ‘मानापमाना’त पूरबकडची ठुमरी-दादऱ्याची ढब आणली. मिळेल तिथून उचलायचं आणि आपलं करायचं, हेच या संगीताचं शील. बुवांना ते ठाऊक आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की उचलायचं ते 1931 च्या आधी उचललेलं असावं. त्या रात्री अप्पांच्या आईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. आईंनी अप्पांना कानडीत विचारलं, “ह्यांना बरं नाही का?”

साठीच्या उंबरठ्यावर बुवांनी राज्य संगीत नाट्यस्पर्धेत ‘सौभद्रा’तला अर्जुन केला. सुभद्रा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. रंगमंचावर ती ‘नाथ’ म्हणे आणि विंगेत आली की, “काका, चहा आणू?” पहिल्या अंकापेक्षा यतिवेषातला अर्जुन बुवांना जास्त प्रिय, दाढीत बरंच झाकलं जातं. वयाबद्दल कुणी बोललं तर उत्तर तयार: बालगंधर्व साठीच्या घरातही लुगडं नेसून उभे राहत होते आणि लोक रडत होते. लोक का रडत होते याची चर्चा बुवा करू देत नाहीत. प्रयोगात एका पदाला वन्स मोअर मिळाला. तो काकूंच्या भावानं दिला, हे सगळ्या सभागृहाला दिसलं. बुवांनी मात्र त्या दिशेला बघितलंच नाही. पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि दुसऱ्यांदा खरोखरच सुंदर झालं. मग टाळी आली ती सगळ्यांची. बुवांचं हे असंच आहे. पहिल्यांदा ते तबकडी गातात. दुसऱ्यांदा गायला मिळालं तर स्वतः गातात. पण दुसऱ्यांदा संधी देतो कोण?

मानधन म्हणाल तर नारळ, पाकीट आणि शाल. सोलापुरात शालीच्या जागी बरेचदा टॉवेल-टोपी किंवा चादर येते. बुवांचं कपाट उघडलं की सगळी कारकीर्द घड्या घालून ठेवलेली दिसते. ही पंचरंगी चादर कोजागिरीची, हे टॉवेल गणेशोत्सवाचे, ही मोराची नक्षी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या कार्यक्रमाची. पुण्याहून पाहुणे आले की काकू त्यातली एक काढून देतात. बुवा हळूच मागं येऊन सांगतात, “ही नको. ही ‘संशयकल्लोळ’ची आहे.”

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत काकूंचा भाचा जर्मनीहून आला. सॉफ्टवेअरमधला मुलगा, पण तिकडं गाण्याच्या मैफलींना जायची सवय लागलेली. त्यानं सांगितलं, “काका, तिकडं तुमच्यासारखे लोक असतात. फक्त जुनं गातात. बाखच्या काळातलं, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचं. टेनर म्हणतात, उंच आवाजाचे पुरुष गायक. जुनी हस्तलिखितं शोधतात, जुन्या धर्तीची वाद्यं, तातीच्या तारा लावून वाजवतात.”

बुवा सावरून बसले. “गातात काय?”

“बाखचं एक मोठं काम आहे, ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. 1727 सालचं. त्यात टेनर येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगतो, जवळजवळ तीन तास. मधेमधे बाकीचे गातात.”

“म्हणजे सूत्रधार. आणि थोडा कीर्तनकार. पैसे मिळतात?”

“काहींचं सगळं आयुष्य त्यावर चालतं. ईस्टरच्या आधी तर तारखा मिळत नाहीत.”

“आपल्याकडं दिवाळी पहाट असते तसं,” बुवा म्हणाले. त्या वर्षी दिवाळी पहाटेत त्यांना साडेपाचची वेळ मिळाली होती. त्या वेळी सतरंज्या अंथरल्या जात होत्या.

“आणि काका, ते पट्टीसुद्धा जुनी धरतात. आजचा प्रमाण स्वर 440 कंपनांचा, ते 415 धरतात. म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली. त्या काळच्या सुरात गायचं म्हणून.”

इथं पेटीवाल्या अप्पांच्या हातातली बशी हिंदकळली. त्यामागं एक गुपित होतं. अप्पांची पेटी स्केल चेंजर आहे. खटका सरकवला की सगळी पट्टी खाली-वर होते. बोटं पांढरी चारवरच दिसतात, सूर मात्र पांढरी तीनचा येतो. बुवांची साठी झाल्यापासून अप्पा दर कार्यक्रमाआधी, बुवा ज्येष्ठमध शोधत असताना, तो खटका हळूच सरकवत आले आहेत. चाचांना माहीत होतं. ते तबला तसाच उतरवून लावत. यंत्रमागवाल्या अण्णांना माहीत होतं. काकूंना माहीत होतं. गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं. फक्त बुवांना माहीत नाही, असं सगळे धरून चालले होते.

बुवांनी अप्पांकडं बघितलं. मग चाचांकडं. आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे आपण गेली काही वर्षं जे करतोय ना अप्पा, तेच. त्याला शास्त्राधार आहे.”

अप्पा खाली मान घालून म्हणाले, “हौ बुवा.”

“फ्रेंच संगीतासाठी तर आणखी खाली उतरतात,” भाचा उत्साहानं म्हणाला, “392. पूर्ण एक स्वर.”

“ऐकलं का अप्पा,” बुवा म्हणाले, “अजून एक खटका शिल्लक आहे.”

तेव्हापासून बुवा विचारणाऱ्याला अजूनही ‘पांढरी चार’च सांगतात, फक्त पुढं ‘जुनी’ असा शब्द जोडतात. ‘पांढरी चार, जुनी.’ लोक आदरानं मान हलवतात.

बुवांकडं आता एकच मुलगी शिकायला येते. अण्णांची नात, इंजिनिअरिंगला आहे. घरी तेलुगू, मैत्रिणींशी खास सोलापुरी, आणि गाताना किर्लोस्करी मराठी. कॉलेजच्या बाजूनं नाट्यसंगीताच्या स्पर्धेला गेली आणि तिनं तेच तबकडीतलं पद निवडलं. अंतऱ्याला ओळ तीनदा तोडून घेतली, अगदी बुवांसारखी. परीक्षकांनी गाणं झाल्यावर विचारलं, “आवाज छान आहे. पण ही ओळ तीनदा का? मूळ ध्वनिमुद्रणात एकदाच आहे.” पोरगी जागची हलली नाही. म्हणाली, “सर, ती आमच्या घराण्याची जागा आहे.”

“कुठलं घराणं?”

“सोलापूर.”

बक्षीस गेलं. ती रडवेली होऊन परत आली, म्हणाली, पुढच्या वर्षी एकदाच घेते. बुवांनी मफलर सोडला, खडीसाखरेचा खडा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “मुळीच नाही. मार्क गेले तर गेले की ओ. पुढच्या वर्षी परीक्षक बदलतील.”

आणि अप्पांना खटका वर घ्यायला सांगितला. पोरीची पट्टी खरोखरच उंच आहे.